जिजीचे हात भाजत नाहीत

तो सिनेमा बघताना मी घाबरून उठून गेले, असं माझी सून सगळ्यांना सांगत फिरते. साफ खोटं. मी घाबरले नव्हते, चिडले होते. पण चिडलेल्या म्हाताऱ्या बाईला घाबरलेली म्हटलं की लोकांचं काम सोपं होतं. मग तिला पाणी द्यायचं आणि आडवी हो म्हणायचं.

झालं असं की एका रविवारी दुपारी पांडेसऱ्यातल्या आमच्या घरी सुनेने मोबाइल टीव्हीला जोडून एक जुना भयपट लावला. तिला या जुन्या भयपटांचं भारी वेड. पोर जन्मापासून सुरतेत वाढलेली. आमच्याशी मराठी बोलते, नवऱ्याशी हिंदी, भाजीवाल्याशी गुजराती, आणि घाबरते मात्र इंग्रजीत. मी मेथीची जुडी घेऊन तिच्याशेजारी बसले होते. मेथीचं कशाला सांगते ते पुढे कळेल.

सिनेमा कुठल्याशा थंड मुलखातला, तीनचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणारा. रंग विटलेले, रक्त तेवढं लालभडक. एक न्यायाधीश घोड्यावर बसून गावोगाव फिरतो आणि चेटकिणी शोधतो. शोधतो कसला, ठरवतो. गावातला बडा माणूस जिच्याकडे बोट दाखवेल ती चेटकीण. मग तिची परीक्षा. हातपाय बांधून तळ्यात टाकायची. तरंगली तर चेटकीण, जाळा. बुडाली तर बिचारी निर्दोष होती, पुरा. अख्ख्या सिनेमात भूत एकही नाही. सून दोनदा म्हणाली, "मम्मी, भूत येईल आता," आणि मी वाट बघत बसले.

रक्त मी पाहिलं, किंकाळ्या ऐकल्या, त्याचं काही नाही. सुरतेत राहून मी पूर पाहिलेत, गिरणीत भाजलेली माणसं पाहिलीत. पण त्या तळ्याच्या काठावर गर्दी दाखवतात, आणि गर्दीत एक बाई दाखवतात. तिने घरून बसायला स्टूल आणलेलं आहे. मांडीवर टोपली आहे, टोपलीत शेंगा आहेत. ती शेंगा सोलते आहे. पाण्यात टाकलेली बाई ओरडली की मान वर करते, बघते, पुन्हा शेंगा सोलते.

मी मेथी खाली ठेवली आणि उठले.

"मम्मी, डर गये क्या?" सून म्हणाली.

मी म्हटलं, "ती शेंगा सोलणारी बाई आपल्या गल्लीत राहते."

सुनेने सिनेमा थांबवला. तिला वाटलं माझं डोकं फिरलं. ती आमच्या घरात आली त्याच्या आधीची ही गोष्ट, आणि गल्लीत ती कुणी बोलत नाही. तिला त्या दुपारी सगळं सांगितलं. आता इथे लिहिते.

आमच्या समोरच्या ओळीत कोपऱ्याच्या खोलीत जिजी राहते. नाव लिहीत नाही. तसंही गल्लीत तिचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. साक्रीकडची. नवरा इथल्या डाइंग मिलमध्ये रंगाच्या टाकीवर कामाला होता, तो गेला. मुलगा इच्छापोरला ठेकेदाराकडे आहे, तिकडेच खोली घेऊन राहतो, रविवारी येतो. जिजी एकटी. आणि जिजी मांडे करते.

ज्यांना मांडे म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खानदेशात पुरणपोळी लाटण्याने लाटून तव्यावर टाकत नाहीत. म्हणजे घरी नेहमीच्या सणाला टाकतात, पण लग्नाकार्याची पोळी वेगळी. पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा आणि मग हातावर घ्यायचा. या हातावरून त्या हातावर, तळव्यावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत, असा फिरवत फिरवत वाढवायचा. पोळी रुमालाएवढी होते, मग रुमालाहून मोठी, इतकी पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर ती अलगद टाकायची आणि हातानेच उचलायची. सराटा नाही, चिमटा नाही. त्याने फाटते. खापर लालबुंद तापलेलं आणि त्याच्यावर उघडे हात.

पांडेसरा, बमरोली, इकडे खानदेशी माणसाच्या घरचं लग्न असलं की जिजीला बोलावणं असायचंच. ती चुलीशी बसली की बायापोरं भोवती गोळा व्हायची आणि कुणीतरी म्हणायचंच, "जिजीचे हात भाजत नाहीत हो!" कौतुकानेच म्हणायचे. मीही तसंच समजत होते. एकदा मी तिला विचारलं, तेव्हा ती पीठ मळता मळता म्हणाली, "भाजतस ना व बाई. पन भाजनात म्हनीसन पोळी टाकी देवानी का?"

भाजतात, पण म्हणून पोळी टाकून द्यायची का? मी हसले आणि पुढचा मांडा खाल्ला.

मला ती बाई म्हणते, कारण मी इथल्या मराठी शाळेत शिकवायचे. अर्धी गल्ली माझ्या हाताखालून गेली आहे. त्यातलाच एक पुढे आमच्या गल्लीतल्या खानदेशी मंडळाचा अध्यक्ष झाला. बाराखडी त्याला मीच शिकवली. फुकट गेली नाही म्हणायची, बॅनरवर स्वतःचं नाव तो अगदी शुद्ध छापून घेतो.

आता कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला मुखवटा, नथ, हिरवी साडी. रात्रभर गाणी आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीवर. घरच्या पुरुषांच्या मुठींनी मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट करतात, आणि ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. परका कितीही जवळचा असो, त्याला रोट देत नाहीत. देवाची शपथ आहे म्हणतात.

पण सुरतेत भाऊबंद आणायचे कुठून? कुणाचे नवापूरला, कुणाचे पारोळ्याला, कुणाचं गावच सुटलेलं. तेव्हा जिजीच्या सासूने, ती असताना, एक नवी रीत पाडली. तिने गल्लीला रोट वाढले. जिजीने ती चालू ठेवली. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "आठे आपलं कोन शे? गल्लीच भाऊबंद." इथे आपलं कोण आहे, गल्लीच भाऊबंद. म्हणजे आमच्या गल्लीतल्या यच्चयावत माणसाने जिजीच्या कानबाईचा रोट खाल्लेला आहे. ज्याने रोट खाल्ला तो तिचा भाऊबंद झाला, हे मी म्हणत नाही, आमची रीत म्हणते. हे ध्यानात ठेवा, कारण गल्लीने ते ठेवलं नाही.

त्या साली महापालिकेची निवडणूक तोंडावर होती आणि अध्यक्षाला तिकीट हवं होतं. तिकीट हवं तर आपल्यामागे किती खानदेशी आहेत ते दाखवावं लागतं, आणि खानदेशी माणसं एका जागी दिसतात ती कानबाईला. त्याने ठरवलं की या श्रावणात सार्वजनिक कानबाई बसवायची. बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये मंडप, डीजे, मागे वीस फुटी बॅनर, बॅनरवर तो आणि त्याच्यापेक्षा मोठ्या आकारात त्याचे साहेब. देवी मात्र जिजीची. कारण नवी देवी कोणीही आणतो. गल्ली जिच्यामागे जाते ती जिजीच्या घरची.

तो आंब्याची पेटी घेऊन तिच्याकडे गेला. मी तिथेच बसले होते. जिजीने सगळं ऐकून घेतलं, पेटी उंबऱ्याबाहेर सरकवली आणि म्हणाली, "मन्ही कानबाई कोन्हाच फोटूखाले बसाव नही."

माझी कानबाई कुणाच्याच फोटोखाली बसणार नाही. एवढंच. शिवी नाही, शाप नाही. पण गल्लीतली एक विधवा बाई अध्यक्षाला नाही म्हणाली, हे दारात उभ्या असलेल्या चारजणांनी ऐकलं होतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, जिजीने नेहमीप्रमाणे गल्लीसाठी मांडे केले होते. अध्यक्षाच्या धाकट्या भावाची बायको तेव्हा पोटुशी होती, तिनेही खाल्ले. आषाढात तिचं पोट पडलं. ती पोर साड्यांना घडी घालायच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून काम करायची, अंगात रक्त नव्हतं, डॉक्टरने आधीच बजावलं होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पोट पडल्यावर अध्यक्षाच्या घरातून एकच वाक्य बाहेर आलं: तिने जिजीच्या हातचं खाल्लं होतं.

वाक्य गल्लीतून फिरायला लागलं आणि फिरताना त्याला पाय फुटले. कुणाला आठवलं की जिजी अमावास्येला नळावर येत नाही. कुणाला आठवलं की तिच्या नवऱ्याचं मरण साधं नव्हतं. नवरा रंगाच्या वाफेने छाती जाळून मेला, हे ज्यांनी त्याला खांदा दिला त्यांनाही आठवेना. शेवटी तो शब्द आला. डाकीण. आणि तिचे हात भाजत नाहीत, हे तर आपण डोळ्यांनी पाहिलंय की, असं मेथीवाली म्हणाली.

मेथीवाली म्हणजे माझी शेजारीण. तिच्या तिन्ही मुलींच्या लग्नात मांडे जिजीने केले होते, आणि तिसरीच्या वेळी तर काही न घेता. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक असतात म्हणतात. मोजतात इथवर ठीक, ही बाई तर वासे काढायला निघाली होती.

अध्यक्षाने तिकडून, गावाकडून, एक भगत आणवला. पांढरा सदरा, गळ्यात माळा, खिशात दोन फोन. रविवारी दुपारी त्याच शेडमध्ये गल्ली जमली. मंडळाच्या खुर्च्या होत्या तरी काहीजणी घरून प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आल्या. सगळ्यांना खमणाची पाकिटं वाटली, वर तळलेली मिरची. एका बाईचा निवाडा होणार होता आणि आमचे लोक चटणी आली नाही म्हणून ओरडत होते. मेथीवाली पुढच्या रांगेत बसली होती, मांडीवर जुडी घेऊन. घरी संध्याकाळचा स्वयंपाक अडला होता ना तिचा!

मी आधीच पोलिसांना फोन केला होता. "गाडी पाठवतो" म्हणाले. ती गाडी आजतागायत यायची आहे.

जिजीला दोन बायका दंडाला धरून घेऊन आल्या. भगताने तिच्याच घरातलं खापर मागवलं. ते फोडलं. हे मला आधी लिहायला हवं होतं, कारण मला सगळ्यात आधी राग याचा आला. ते खापर तिच्या सासूचं होतं, गावाहून मांडीवर घेऊन आणलेलं. त्याने ते फरशीवर आपटून फोडलं, एक तुकडा शेगडीत निखाऱ्यांवर ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "खरी व्हई ते कानबाई राखी, खोटी व्हई ते हात जळी." खरी असेल तर कानबाई राखेल, खोटी असेल तर हात जळेल. अध्यक्षाने ते मराठीत पुन्हा सांगितलं, हिंदीतही सांगितलं, न जाणो कुणाला कळलं नसेल.

मी उभी राहिले. म्हटलं, "अरे, लाज वाटू द्या. हिच्या हातचं खाऊन मोठे झालात."

अध्यक्ष माझ्याजवळ आला. आवाज अगदी मऊ. "बाई, तुम्ही मध्ये पडू नका. समाजाचा प्रश्न आहे. बसा ना." आणि कुणीतरी माझ्यामागे खुर्ची सरकवली. माझेच विद्यार्थी होते. दोघांनी माझ्या खांद्यांवर हात ठेवले, किती आदराने! शाळेत मी त्यांना शिकवलं होतं की मोठ्यांना उभं ठेवू नये, बसायला द्यावं. त्या दिवशी त्यांनी मला बसवलं आणि उठू दिलं नाही.

तुकडा लाल झाला. भगताने चिमट्याने उचलून तो जिजीच्या उजव्या तळव्यावर ठेवला आणि देवीची नावं घ्यायला लागला, सावकाश, एकेक.

शेडमध्ये सगळे वाट बघत होते की आता ही किंचाळेल, तुकडा टाकून देईल, आणि सगळ्यांना घरी जाता येईल. जिजी किंचाळली नाही. तिने तुकडा टाकला नाही. हात पुढे धरला होता तसाच, जसा मांडा धरतात तसा, पंजा थोडा पसरलेला, मनगट स्थिर. जन्मभर तिच्या हाताला एकच गोष्ट शिकवलेली होती, की भाजलं म्हणून टाकायचं नाही. पंगत बसलेली असते, पुरण चुलीत जातं, नवरीकडच्यांची मान खाली जाते. भाजलं तरी टाकायचं नाही. तो हात दुसरं काही करूच शकत नव्हता.

मी त्या दोघांचे हात झटकले आणि धावले. पदराने तो तुकडा तिच्या हातावरून पाडला. पदर जळाला, त्याचा वास मला अजून येतो. जिजीने मूठ मिटून घेतली.

आता सांगा, त्यांच्याच नियमाने ती खरी ठरायला हवी होती की नाही? देवीने राखलं म्हणायला हवं होतं की नाही? भगताने एक पळ अध्यक्षाकडे पाहिलं. अध्यक्षाने नुसती मान हलवली. आणि भगत गर्दीकडे वळून ओरडला, "देखं? डाकीनले आग लागस का कधी?"

डाकिणीला आग लागते का कधी! एका श्वासात नियम उलटा झाला, आणि खमण खाणाऱ्या तोंडांपैकी एकानेही विचारलं नाही की मघाशी तर तू दुसरंच बोलला होतास. उलट मागून कुणीतरी म्हणालं, "मी म्हणत नव्हतो, हिचे हात भाजतच नाहीत!" तेच वाक्य. लग्नात कौतुकाने म्हणायचे तेच. मी जिजीला म्हटलं, मूठ उघड, दाखव यांना. तिने मान हलवली. नाही उघडली. ज्यांना तिने जन्मभर पोळी दाखवली त्यांना जखम दाखवायची तिची तयारी नव्हती.

घरी आल्यावर उघडली. मी पाणी ओतलं. तळव्याची कातडी खापराबरोबर गेली होती. तेव्हा कुठे ती रडली, आणि रडताना काय म्हणाली असेल? सासूचं खापर गेलं व बाई, असं म्हणाली.

मी तिला डॉक्टरकडे नेलं. त्याने हात बघितला, काय काम करते ते विचारलं आणि म्हणाला, "चुलीवर काम करणाऱ्यांचं असंच होतं, जरा जपून." मी म्हटलं, असं नाही झालं हे. त्याला पुढचा पेशंट होता. तिथून पोलिसांकडे. तिथल्या साहेबाने पाणी दिलं, बसायला दिलं, सगळं ऐकलं, आणि म्हणाला, "बेन, आ तो तमारा समाजनी वात छे, घरमेळे पतावी दो ने." घरातल्या घरात मिटवा. मी तिचा हात त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने बघितला, आणि हिंदीत म्हणाला की ही तर रोटी बनवणारी बाई आहे, हिचे हात तर रोजच भाजत असणार, यात गुन्हा कसला?

मला त्या खुर्चीवर बसून हसू आलं, इतका संताप झाला. शेडमध्ये म्हणे हिचे हात भाजत नाहीत म्हणून ही डाकीण. ठाण्यात म्हणे हिचे हात रोजच भाजतात म्हणून गुन्हा नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत केली सगळ्यांनी मिळून. आणि दोन्हीकडे कारण काय, तर तिची कला. तिला दुसरं काही येत असतं, ती धुणीभांडी करत असती, तर वाचली असती.

त्या श्रावणात अध्यक्षाने बाजारातून नवी कानबाई आणली, चांदीचा मुखवटा, आणि शेडमध्ये बॅनरखाली बसवली. सोमवारी डीजे लावून तापीवर नेली. तापी आमच्याच मुलखातून वाहत येते, तिने तो धांगडधिंगा कसा ऐकून घेतला कुणास ठाऊक. जिजीने आपल्या खोलीत आपली बसवली. रोट खायला आम्ही घरचे तेवढे गेलो आणि इच्छापोरहून तिचा मुलगा आला. बाकी गल्लीतून कुणी उंबरा चढलं नाही. तिच्या दाराशी मात्र लिंबू-मिरच्या यायला लागल्या, आणि नळावर ती आली की बाया हंडे बाजूला घ्यायच्या. तिने तो मुलूख सोडून जावं एवढंच बाकी राहिलं होतं. मुलगा चल म्हणाला. ती म्हणाली, मी गेले तर डाकीण गेली म्हणतील. आणि तिथेच राहिली. तिला दुसरं काही नको होतं, न भरपाई, न शिक्षा. गल्लीने एकदा म्हणावं की हिचे हात भाजले होते, एवढंच हवं होतं. ते कुणी म्हटलं नाही.

अध्यक्षाला तिकीट मिळालं. तो निवडूनही आला.

मग एकदोन लगीनसराया गेल्या आणि लोकांच्या लक्षात आलं की मांडे करणारं कुणी नाही. केटररने तव्यावरच्या पोळ्या वाढल्या, त्यावर व्याह्यांची कुजबुज झाली. झालं, एका संध्याकाळी मेथीवालीच जिजीच्या दारात. भाचीचं लग्न आहे म्हणे, तुझ्याशिवाय कोण करणार. माफी नाही, चुकलं नाही, काही नाही. जसं मधे काही घडलंच नव्हतं. आणि जिजी हो म्हणाली!

मी तिच्याशी भांडले. खूप बोलले तिला. म्हटलं, तुला काही मान आहे की नाही? ती नव्या खापराला तेल चोळत होती. म्हणाली, "ती पोरना काय गुन्हा शे? तिन्हा लगनमा मांडा नको का?" त्या मुलीचा काय गुन्हा? माझा राग मात्र गेला नाही. अजून गेलेला नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर सुनेने सिनेमा पुढे लावला. शेवटी म्हणे त्या न्यायाधीशाला लोकच ठार मारतात. कुऱ्हाडी, आरडाओरडा, संपला. सून म्हणाली, "बघा मम्मी, सजा मिली ना." मी विचारलं, आणि ती शेंगावाली? तिचं काय झालं? सुनेने मागे नेऊन नेऊन पाहिलं. शेवटच्या गर्दीतही ती होती. न्यायाधीशाला मारतानाही तिच्या मांडीवर टोपली होती. ज्याने कुणी तो सिनेमा काढला त्याला मी मनातल्या मनात हात जोडले. त्याला माणसं ठाऊक होती.

गेल्या महिन्यात बमरोलीत पार्टी प्लॉटवर एक लग्न होतं. हल्ली लग्नात जेवणाचे ठेले मांडतात. पाणीपुरीचा वेगळा, डोशाचा वेगळा, तसा एक ठेला जिजीचा. वर पाटी, रंगीत दिवे, आणि खाली चुलीशी जिजी. भोवती फोन धरलेले हात. लोक तिचे व्हिडिओ काढत होते. मी आणि सून ताटं घेऊन रांगेत होतो, आमच्यापुढे दोघांना सोडून मेथीवाली.

अध्यक्ष आला. आता तो नगरसेवक, बरोबर सुटाबुटातले गुजराती पाहुणे. जिजीच्या पाठीमागे उभा राहून त्यांना कौतुकाने म्हणाला, "देखिए, हमारी खानदेश की कला. आमची जिजी. इनके हाथ जलते ही नहीं."

मी रांगेतून एक पाऊल बाहेर टाकलं. सुनेने माझा दंड धरला. मी तोंड उघडणारच होते.

जिजीने हातावरचा मांडा खापरावर टाकला. मग उजवा हात वर केला, दिव्याकडे, पाहुण्यांना दिसेल असा. तळव्याच्या मधोमध ती गुलाबी, गुळगुळीत, रेषा नसलेली जागा. शेडमध्ये मिटलेली ती मूठ तिने आज उघडली. मागे वळूनही न बघता, नेहमीच्या आवाजात ती म्हणाली, "भाजतस, भाऊ. तव्हय बी भाजनात."

भाजतात, भाऊ. तेव्हाही भाजले होते.

पाहुण्यांना अहिराणी कळली नाही, ते हसून मान डोलवत राहिले. रांगेतल्या सगळ्यांना कळली. फोन एकेक करून खाली आले. आमच्यापुढे मेथीवाली ताट पुढे करून उभी होती, तिने ते मागे घेतलं नाही आणि पुढेही नेलं नाही.

जिजीने खापरावरचा मांडा हाताने उचलला, घडी घातली आणि तिच्या ताटात वाढला.